जुने पीसी ढिगाने अपग्रेड करायचेत? सीडी, पेनड्राइव्ह की नेटवर्क बूट

तीस-चाळीस जुने पीसी एकदम अपग्रेडला घेतले की त्यातले पाच-सात तरी पेनड्राइव्ह लावला तरी ढिम्म बसतात, आणि मग त्यांच्यासाठी सीडी-डीव्हीडी अजून सांभाळायच्या का हा वाद सुरू होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, सीडी ठेवा, पण तिच्यातून अख्खी सिस्टिम टाकत बसू नका.

सीडीची जमेची बाजू म्हणजे १९९५ ला एल टोरिटो स्टँडर्ड आलं आणि त्यानंतरच्या बहुतेक मशीनना सीडीवरून बूट होणं, म्हणजे सुरू होणं, जमतं. पण तिच्यात मावतं ७०० एमबी, उबंटू या लिनक्स सिस्टिमची डेस्कटॉप इमेज (इन्स्टॉलची अख्खी फाइल) तर २०१२ च्या १२.१० पासूनच त्यात बसत नाही. डीव्हीडी ४.७ जीबीची, पण सगळ्यात जुन्या मशीनमधे डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. शिवाय लेन्सवर धूळ बसलेली, अर्ध्या इन्स्टॉलला रीड एरर आला की पहिल्यापासून सुरू. बर्न करायचीच असेल तर कमी स्पीडला करा आणि व्हेरिफाय केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेनड्राइव्ह दहाएक मशीनपर्यंत मस्त. बूट मेन्यूत तो दिसला नाही तर लगेच हार मानू नका, बरेचदा तो हार्ड डिस्कच्या यादीत आत लपलेला असतो, तिथे त्याला वर आणावं लागतं. यूएसबी १.१ चं पोर्ट असेल तर मात्र १२ एमबीपीएस, म्हणजे ७०० एमबी वाचायलाच आठ मिनिटं तरी जाणार आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, यूएसबी कळतच नसेल तर प्लॉप बूट मॅनेजर सीडीवर टाकून त्यातून पेनड्राइव्ह उठवता येतो, माझ्याकडे ही सीडी कायम असते.

मशीन जास्त असतील तर नेटवर्क बूटच. पीएक्सई मधे, म्हणजे नेटवर्क कार्डातूनच मशीन सुरू करायच्या पद्धतीत, डीएचसीपी सर्व्हर मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देतो, टीएफटीपी सर्व्हर बूटची फाइल देतो, इमेज एकाच जागी असते, बदल करायचा झाला तर तिथेच एकदा करायचा. आधीच राउटर डीएचसीपी देत असेल तर दुसरा सर्व्हर उभा करून भांडण लावू नका, डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्राम प्रॉक्सी मोडमधे चालवा, म्हणजे पत्ते राउटरच देईल आणि हा फक्त बूटची माहिती देईल. ज्या नेटवर्क कार्डाला बूट रॉमच (नेटवर्क बूटचा प्रोग्राम असलेली चिपच) नाही तिथे तेच काम करणारं आयपीएक्सई सॉफ्टवेअर सीडीवर टाका, ते इतकं लहान आहे की ड्राइव्हला दोन-चार सेकंदच काम पडतं, पुढचं सगळं केबलमधून येतं आणि एचटीटीपी चालत असल्याने टीएफटीपीपेक्षा वेगात येतं. जुन्या मीडियाला सपोर्ट द्यायचा तो एवढाच. फक्त लाइव्ह इमेज (इन्स्टॉल न करता चालणारी सिस्टिम) रॅममधे उतरते, त्यामुळे ५१२ एमबीच्या मशीनला साधा टेक्स्ट इन्स्टॉलरच द्या.

फ्लॉपी? १.४४ एमबी, आता सोडून द्या.

आणि हे ठरवायच्या आधी प्रत्येक मशीनचे दोन चेक करा. प्रोसेसर ६४ बिट आहे का, कारण २०२५ च्या डेबियन १३ ला (हीही लिनक्स सिस्टिमच) ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, तसलं मशीन असेल तर डेबियन १२ वर थांबायचं. दुसरं म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल. तो मेलेला असेल तर लाइट गेली की बूट ऑर्डर पुसली जाते, तारीख कुठच्या कुठे मागे जाते आणि इन्स्टॉलर ज्या सर्व्हरवरून फाइल घेतो त्याचं सुरक्षा सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून अडून बसतो, आपण मात्र तासभर सीडीलाच दोष देत असतो.