पार्चमेंट क्राफ्ट: मोकळ्या हाताने की जाळीच्या प्लेटवर?

पार्चमेंट क्राफ्ट, म्हणजे पार्चमेंट नावाच्या जाड, अर्धपारदर्शक कागदावर उठावाची नक्षी आणि जाळी करण्याची कला, शिकायचं ठरवलं की खरेदीपाशीच दोन रस्ते फुटतात. एक रस्ता जुना. नक्षी खाली ठेवायची, तिच्यावर पार्चमेंट, पांढऱ्या शाईने रेघा उतरवायच्या, मग कागद उलटून गोल टोकाच्या टूलने घासून उठाव आणायचा आणि सुयांच्या टूलने टोचून कात्रीने जाळी कापायची. मूळच्या कोलंबियाच्या आणि नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या मार्था ओस्पिना यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘पर्गामानो’ या नावाने ही पद्धत जगभर पोचवली. दुसरा रस्ता प्लेटचा: खाचांत नक्षी कोरलेल्या पारदर्शक प्लेट आणि ओळीने छिद्रं असलेली ग्रिड. इंग्लंडच्या क्लॅरिटी कंपनीच्या ‘ग्रूव्ही’ प्लेट या प्रकारातल्या सगळ्यांत ओळखीच्या.

दोन्हींचे चाहते आपापल्या बाजूने हिरीरीने बोलतात. पण नवशिक्याला हे कुणी सांगत नाही, की प्लेट फक्त रेघ देते. पार्चमेंटचा जीव असलेला दुधाळ पांढरेपणा ती देत नाही, तो दोन्हीकडे हातानेच आणावा लागतो. निवड करताना हे आधी लक्षात घ्या.

आधी कागद

कागदात तडजोड केली तर पुढची तुलनाच निरर्थक ठरते. या कामाचा कागद साधारण १४० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असतो. स्टेशनरीच्या दुकानात इंजिनिअरिंग ड्रॉइंगसाठी मिळणारा ९०/९५ जीएसएमचा ट्रेसिंग पेपर दिसायला तसाच, पण उठाव देताना तो ताण सोसत नाही आणि दोन छिद्रांमधली बारीक पट्टी कात्री लागताच तुटते. टूल हातात कसं धरायचं याच्या सरावाला तो चालेल, जाळीला नाही. ‘बटर पेपर’ म्हणून मिळणारा स्वयंपाकघरातला कागद तर घेऊच नका.

कागद पांढरा का होतो, हे समजलं तर अर्ध्या चुका टळतात. हा कागद बनवताना लगदा इतका कुटतात की तंतू एकमेकांना घट्ट चिकटतात, मध्ये हवा जवळजवळ राहत नाही, म्हणून प्रकाश आरपार जातो. गोल टूल मागून फिरवलं की तंतू ताणले जाऊन त्यांच्यात सूक्ष्म फटी पडतात. त्या फटींवर प्रकाश विखुरतो आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. म्हणजे पांढरा रंग हा ताण आहे, आणि ताण हळूहळू चढवायचा असतो.

कोरडा कागद ताणला जात नाही, तडकतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत नेहमीचा दाबही जास्त होतो. अशा वेळी आंघोळीनंतरच्या दमट बाथरूममध्ये कागद दहा मिनिटं टांगून ठेवला की नरम पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात उलट त्रास: कागदाला लाटा येतात आणि ग्रिडवर तो सपाट बसत नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून, झिपच्या पिशवीत ठेवा.

रेघ: शाई की खाच

मोकळ्या पद्धतीत पुढच्या बाजूने पांढऱ्या शाईने, बारीक निबने ट्रेस करतात. शाई बाटलीत खाली बसते, म्हणून दर वेळी हलवायची. घट्ट झाली की एक थेंब पाणी. शाई पाणीदारच असते, त्यामुळे जाड रेघेखाली कागद आकसून सुरकुतवतो. निब टेकवायचीही नाही इतक्या हलक्या हाताने ओढायची. पांढरी पेन्सिल सोपी आणि खोडता येते, पण रेघ जाड उमटते आणि फुलाच्या पाकळीचा नाजूकपणा जातो.

प्लेटवर कागद पालथा ठेवून कागदी चिकटपट्टीने चार कोपरे धरायचे. पट्टी आधी कापडावर एकदा चिकटवून काढा, म्हणजे कागदाचा पापुद्रा निघत नाही. १ मिमीचं गोल टोक खाचेतून फिरवलं की रेघ आणि उठाव एकदमच. पहिल्या दिवशी स्वच्छ रेघ मिळते, हा प्लेटचा मोठा फायदा. तोटा असा की सगळ्या रेघा एकाच जाडीच्या येतात, आणि चुकीची खाच घासली गेली तर ती खोडता येत नाही. पुढून घासून उठाव बसवता येतो, पांढरा माग राहतोच.

देवनागरी अक्षरांचा प्रश्न असेल तर उत्तर सरळ आहे: मोकळा हात. लग्नाच्या किंवा बारशाच्या कार्डावर नाव हवं असेल तर ते मोबाइलवर आरशासारखं उलटं करून छापा, पार्चमेंट पालथं त्यावर ठेवून पेन्सिलीने उतरवा. फोमवर ठेवून आधी शिरोरेषा आणि मग अक्षरं अशा क्रमाने उठाव द्या. शिरोरेषा आधी ताणली की बाकीची अक्षरं तिच्याशी जुळवून घेता येतात. शेवटी ती ओढली तर शब्दच वाकडा दिसतो.

पांढरेपणा

पाकळी पांढरी करताना ३ मिमीच्या टोकाने सुरुवात करायची. कागद पालथा, खाली मऊ फोम, त्याखाली काळा कार्डशीट. टोकाला मेणबत्तीचं मेण किंचित लावा, म्हणजे ते अडकत नाही. पहिल्या फेरीत पाकळी नुसती राखाडी व्हायला हवी. तेव्हाच पांढरी करायला गेलात तर बोटाला कागद ‘सुटल्यासारखा’ लागतो, आणि पुढून पाहिलं तर मधोमध चिरेचा बारीक केस दिसतो. तो कशानेही भरून निघत नाही. एक फेरी झाली की ती पाकळी सोडून शेजारची घ्या. पाच-दहा मिनिटांनी परत या, आता १.५ मिमीच्या टोकाने फक्त कडेच्या बाजूला. तिसरी फेरी अगदी टोकाकडच्या पट्ट्यात. कडेला पांढरंशुभ्र आणि देठाकडे विरत जाणारं, अशी पाकळी तीन फेऱ्यांत येते.

प्लेटवर काम करणाऱ्यालाही इथे कागद उचलून फोमवर घ्यावाच लागतो. चित्रांच्या प्लेटचा ढीग घेऊनही काम सपाट का दिसतं, याचं कारण हेच: बाह्यरेषा झाल्या आणि आतलं भरणं राहिलं.

जाळी

खरा फरक इथे आहे. मोकळ्या पद्धतीत चार सुयांच्या टूलने चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार छिद्रं पडतात. आधी उथळ टोचायचं, सुईचं टोक जेमतेम आत जाईल इतकंच. मग मधल्या जागांत उठावाचे ठिपके द्यायचे. मग त्याच छिद्रांत सुया परत बसवून खोल टोचायचं. हा क्रम उलटवला आणि आधीच खोल टोचलं, तर उठाव देताना कागद ताणून छिद्रं लांबट होतात.

कापताना वाकड्या, अणकुचीदार टोकांची कात्री लागते आणि तिच्या कड्यांत अंगठा नाही, तर्जनी आणि मधलं बोट घालतात. दोन टोकं शेजारच्या दोन छिद्रांत, पाती चौकोनाच्या मध्याकडे झुकवून एक छोटा काप. चारही बाजूंनी चार काप झाले की मधला तुकडा गळून पडतो आणि अधिकचिन्हासारखी खिडकी उरते. नखांच्या कात्रीची टोकं बहुधा जाड असतात, छिद्रात शिरत नाहीत आणि कागद फाडतात.

चार सुयांच्या टूलची अडचण ओळ सरळ ठेवण्याची. प्रत्येक वेळी अंदाजाने टेकवलं की दहाव्या चौकोनापर्यंत ओळ तिरकी. ग्रिडवर हा प्रश्नच नाही. एका सुईने छिद्रं मोजत जायचं, आणि ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला हे लगेच जमतं. अमुक ठिपके अमुक ओळी, तीच भाषा. मागून १ मिमीचं टोक छिद्रांवर दाबलं की मोत्यांसारखे ठिपके उठतात, तेही ओळीत.

पण ग्रिडच्या चुका वेगळ्या. एक ठिपका मोजायचा चुकला की समोरच्या कोपऱ्यात नक्षी जुळत नाही, आणि तोवर शंभर छिद्रं पडलेली असतात. म्हणून दर दहाव्या छिद्रापाशी पेन्सिलीची खूण करा आणि आधी चौकटीच्या चारही बाजू पूर्ण मोजून घ्या. सुई तिरकी धरली तर छिद्र लांबट होतं. सुई निमुळती असल्यामुळे खोल गेली की छिद्र मोठं होतं आणि मधली पट्टी केसाएवढी उरते. बारीक ग्रिडवर हे हमखास होतं, म्हणून पहिली ग्रिड मोठ्या अंतराची घ्या. वळणाच्या कडा, पानाच्या आकारातली जाळी किंवा फुलाभोवतीची गोल झालर मात्र सरळ ग्रिडवर जमत नाही. तिथे सुयांचं टूल हवंच.

कडेचे दाते दोन्हीकडे सारखेच करतात. दोन सुयांच्या टूलने कडेने टोचत जायचं, प्रत्येक वेळी एक सुई आधीच्या छिद्रात बसवून. मग बाहेरून इंग्रजी व्हीच्या आकाराचे काप. बाहेरचा कागद ओढून काढू नका. एखादा दाता सुटत नसेल तर काप अपुरा आहे, परत कापा.

कुणी काय घ्यावं

हात स्थिर असेल, चित्रकलेची सवय असेल किंवा मराठी मजकुराची कार्डं करायची असतील तर मोकळी पद्धत घ्या: १५० जीएसएमचे दहा ए४ कागद, १.५ आणि ३ मिमीची टोकं, दोन आणि चार सुयांची टूल, उठावासाठी फोम, टोचण्यासाठी जाड फेल्ट, कात्री आणि पांढरी पेन्सिल. शाई नंतर आणा. मोजणं आवडत असेल, क्रॉसस्टिच किंवा रांगोळी करत असाल, अथवा हात किंचित थरथरत असेल, तर एक सरळ ग्रिड, एक सुई, १ आणि ३ मिमीची टोकं, फोम, कात्री आणि तेवढेच कागद.

दोन्ही मनात असतील तर ग्रिडपासून सुरुवात केलेली बरी, कारण कात्री आणि सुई हाताला बसायला ती मोकळीक देते, आणि तेच टूल पुढे मोकळ्या कामालाही चालतं. चित्रांच्या प्लेट मात्र थांबवा. त्या पैशांत आणखी वीस कागद घ्या, एकेका ए४चे चार तुकडे करा आणि प्रत्येकावर चार पाकळ्या आणि सोळा चौकोनांची जाळी करून बघा. कितव्या तुकड्यापासून पाकळीत चीर पडणं थांबलं, ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.