कुत्र्यासाठी साधा पट्टा की लांबणारी लीश?

सहा फुटी नायलॉनचा पट्टा आणि बटणावर लांबणारी लीश, दोन्ही वापरून झाले. लांबणारी दिसायला झकास. पण गल्लीत भटकं कुत्रं भुंकलं की आमचा लॅब्रेडॉर पाच मीटर पुढे, थेट रिक्षासमोर. आणि बटण दाबेपर्यंत ती बारीक दोरी पोटरीला चटका देऊन जाते. (माझा वळ आठवडाभर होता.) साधा पट्टा आखडून घेतला की कुत्रं गुडघ्याशी. लिफ्टमध्ये तर मी तो गळपट्ट्याजवळच धरतो. पहाटेच्या रिकाम्या मैदानावर लांबणारी चालेल. रस्त्यावर नको: पाळीव प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.