जुन्या ट्रकचं ३५० इंजिन, ड्रॅग स्ट्रिपवर सहा महिने आणि ७४ रन

ओहायोतल्या नॉरवॉकच्या समिट मोटरस्पोर्ट्स पार्कवर, म्हणजे सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतीच्या ट्रॅकवर (ड्रॅग स्ट्रिप), मे महिन्यात पहिल्यांदा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, गाडी पळवली तेव्हा बोर्डावर १४.६१ सेकंद आले. ऑक्टोबरपर्यंत तेच इंजिन १४.०५ ते १४.१२ च्या पट्ट्यात येऊन बसलं. ७४ रन, म्हणजे पाव मैलाच्या ७४ धावा झाल्या, हेड (सिलेंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) एकदाही उतरवावं लागलं नाही. इंजिनाचा सगळा खर्च २,६०० डॉलरच्या आत. पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही, हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेचा ‘स्टॉक एलिमिनेटर’ हा वर्ग स्वस्त वाटतो, पण तिथे कॅमची लिफ्ट (कॅम व्हॉल्व्ह किती उचलतो ते) कारखान्याचीच हवी, हेडमधले हवेचे मार्ग (पोर्ट) घासायचे नाहीत, पार्ट तपासले जातात. त्या चौकटीत वेळ काढायला मुरलेला कारागीर आणि बराच पैसा लागतो. मी उतरलो ट्रॅकवरच्या स्ट्रीट ब्रॅकेट वर्गात. इथे आपला वेळ आपणच आधी काचेवर लिहायचा, हळू गाडीला तेवढं आधी सोडतात, आणि लिहिल्यापेक्षा जोरात गेलात तर ‘ब्रेकआउट’ होऊन बाद. त्यामुळे मला रोज तेच आकडे देणारं इंजिन हवं होतं.

भंगारच्या यार्डातून १९९८ च्या शेवरले ट्रकचं ५.७ लिटर (३५० घनइंच) व्होर्टेक ३५० आणलं, ४०० डॉलरला. १९९६ ते २००० मधल्या या इंजिनांच्या हेडमधून हवा मुळातच चांगली वाहते आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह हलवणारे भाग) रोलरचे असतात. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनात नवा कॅम टाकला की पहिली वीस-तीस मिनिटं २,००० आरपीएमच्या वर धरून ठेवावं लागतं. तेलात झिंक कमी पडलं तर कॅमचे उंचवटे (लोब) खाल्ले जातात. ती धास्ती इथे नाही. मात्र हे हेड तडकतात. माझं एक तडकलेलंच निघालं, प्रेशर टेस्ट केली म्हणून कळलं. दुसरं जुनं हेड घ्यायला २०० डॉलर गेले.

सर्वांत जास्त पैसे, ६२० डॉलर, मशीन शॉपला दिले आणि ते मला आजही सर्वांत योग्य वाटतात. सिलेंडर झिजून वरच्या बाजूला मोठे झाले होते, म्हणून ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोर. त्याने ३५० चं ३५५ घनइंच होतं. होनिंग (बोअर आतून घासून शेवटचं माप देणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळलेली जाड प्लेट, लावूनच करायला सांगितलं, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा गोल बिघडतो आणि रिंगा नीट बसत नाहीत. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मामांच्या बोअरिंगच्या दुकानात लहानपणी सुट्ट्या घालवल्यात, त्यामुळे डायल गेज घेऊन प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली स्वतः मोजला. मेन बेअरिंगचा गॅप २.३ थाऊ. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे टाकले आणि मग रॉडचं मोठं तोंड पुन्हा गोल करून घेतलं. हे टाळू नका.

कॅममध्ये मोह आवरा. या हेडच्या मूळ व्हॉल्व्ह गाइडवर ४६० थाऊच्या पुढे लिफ्ट गेली की व्हॉल्व्हची स्प्रिंग धरणारी चकती (रिटेनर) सीलवर आपटायची भीती असते. मी ४४० ला थांबलो, फक्त स्प्रिंगा बदलल्या. वर ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा) वापरलेला हॉली कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटरखालचा इनटेक मॅनिफोल्ड व्होर्टेकचाच लागतो, जुन्याचे बोल्ट जुळत नाहीत. ठिणगीचं टायमिंग एकूण ३४ अंश. त्यापुढे नेलं तर वेळ सुधारला नाही.

मोठा त्रास झाला फ्लेक्सप्लेटचा, म्हणजे इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या चकतीचा. १९८६ नंतरच्या ३५० ला क्रँकशाफ्टचं मागचं सील एका तुकड्याचं असतं आणि फ्लेक्सप्लेटला बॅलन्सचं वजन असतं. विक्रेत्याने जुन्या इंजिनाची प्लेट दिली, मीही बघितली नाही. ३,००० आरपीएमला सगळी गाडी थरथरायला लागली. गिअरबॉक्स उतरवायचं काम दोनदा केलं, दोन शनिवार गेले.

सप्टेंबरात एका संध्याकाळी उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. काचेवर १४.०८ लिहिलं होतं. सूर्य मावळला, एरी सरोवराकडून गार हवा आली, हवा दाट झाली, इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळाला आणि गाडी १४.०३ ला गेली. ब्रेकआउट. हात थरथरत होते, पण इंजिनाचा मला अभिमान वाटला. तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी हवेचं तापमान आणि दाब वहीत लिहितो.

परवा लीक-डाउन टेस्ट केली (सिलेंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते बघतात): आठही सिलेंडर ५ ते ७ टक्क्यांत. तेलात धातूच्या कणांची चकाकी नाही. या हिवाळ्यात इंजिन उघडणार नाही. फक्त टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा क्लचसारखा भाग) बदलणार आहे आणि हेल्मेट घेणार आहे, कारण १३.९९ किंवा त्याखाली गेलो तर ते सक्तीचं आहे.