पद्मिनीला पाच गिअर: फ्लायव्हीलची मापं कुठून घ्यावीत?

पद्मिनीचं मूळ १०८९ सीसी इंजिन ठेवायचं आणि त्यामागे मारुती जिप्सीचा पाच गिअरचा बॉक्स जोडायचा, असं एकदा ठरलं की मधली अडॅप्टर प्लेट, म्हणजे दोघांना जोडणारी धातूची जाड प्लेट, हा अवघड भाग राहत नाही. चांगला मिलिंगवाला आणि चांगला टर्नर मिळून ती करून देतात. घोडं अडतं ते मापांवर, आणि त्यातही फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मागे क्रँकवर बसणाऱ्या, क्लच धरणाऱ्या जड चकतीच्या मापांवर. ही मापं मिळवण्याचे तीन रस्ते आहेत: कोणाकडून तरी मिळालेले तयार आकडे, सीएमएम (भागाला टोक टेकवून मापं घेणारं संगणकी यंत्र) किंवा थ्रीडी स्कॅन, आणि डेप्थ गेज (खोली मोजायचं हत्यार) घेऊन स्वतः मोजणं. माझ्या गाडीसाठी मी तिन्ही वापरून पाहिले. मनात कौल ठरलेला आहे, तरी प्रत्येकाची बाजू मांडतो.

तयार आकड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जुन्या मॅन्युअलमधले आकडे नव्या भागाचे असतात, आणि आधी असं काम केलेल्या कोणी दिलेले त्याच्या भागाचे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी बनत होती, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. आज हातात येणारं फ्लायव्हील इतक्या वर्षांत किती क्लच पाहून आलंय, देव जाणे. दर क्लचकामाला कोणीतरी त्याचा फेस, म्हणजे सपाट पृष्ठभाग, लेथवर साफ केलेला असतो. प्रत्येक वेळी थोडी थोडी जाडी गेलेली असते आणि त्याची नोंद कुठेच नसते. तरीही असे आकडे जवळ ठेवावेत. आपलं माप त्यांच्यापासून फारच लांब गेलं, तर पुन्हा मोजायला हवं एवढं त्यावरून कळतं. पद्मिनी मुळात फियाटची, आणि फियाटचं काम मेट्रिक आहे हीही एक सोय. ॲम्बॅसेडरच्या जुन्या बीएमसी इंजिनावर काम करणाऱ्यांना इंचाच्या बोल्टांशी जी झटापट करावी लागते, ती इथे वाट्याला येत नाही.

सीएमएमबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगतो. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं क्लचवर बसणारं घंटेसारखं तोंड) फेसवरची बोल्टांची भोकं कुठल्याही नेमक्या वर्तुळावर नसतात. ती वेडीवाकडी पसरलेली असतात, त्यात दोन डॉवेलची (जागा नेमकी धरणाऱ्या पिनांची), आणि सगळ्यांचं नातं शाफ्टच्या मध्याशी. हे काम हाताने करता येतं, पण त्यात अख्खा दिवस जातो आणि शेवटी थोडी धाकधूक राहतेच. सीएमएमवर तेच काम चहा होईपर्यंत होतं. प्लेटचं ड्रॉइंग व्हीएमसीवाल्याला (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र असलेल्याला) द्यायचं असेल तर असा कागद हातात असलेला बरा.

फ्लायव्हीलच्या बाबतीत मात्र माझं मन तिथून उठलं. मी फ्लायव्हील तपासायला दिलं आणि सुंदर रिपोर्ट आला. बाहेरचा व्यास, रजिस्टरचा व्यास, बोल्ट सर्कल, जाडी, सगळं मायक्रॉनपर्यंत. मला हवं असलेलं माप तेवढं त्यात नव्हतं. फ्लायव्हील टेबलावर एकटं ठेवून मोजलेलं, त्यामुळे शून्य धरलेला त्याचा स्वतःचा बसण्याचा फेस. पण अडॅप्टरची जाडी ठरते ती इंजिन ब्लॉकच्या मागच्या फेसपासून फ्लायव्हीलच्या क्लच बसणाऱ्या फेसपर्यंत किती अंतर आहे, आणि तो फेस ब्लॉकच्या फेसच्या बाहेर आहे की आत, यावरून. हे माप फ्लायव्हीलचं एकट्याचं नाहीच. ते ब्लॉक, क्रँक आणि फ्लायव्हील यांचं एकत्र माप आहे. तसं मोजून द्या म्हटलं तर उत्तर आलं की इंजिन आणा. आणि तेलकट इंजिन त्यांच्या वातानुकूलित खोलीत चालणार नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं, पण माझं काम तिथेच थांबलं.

स्कॅनची अडचण थोडी वेगळी. फेस चकचकीत असल्यामुळे त्यावर पावडर मारावी लागते, आणि क्रँकमधलं पायलट बुशचं भोक (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते) स्कॅनरला तळापर्यंत दिसत नाही. त्या भोकाची खोली चुकली तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या तळाला टेकतं. गाडी सुरू होते, चालते, काही जाणवत नाही. पण क्रँक सतत पुढे रेटला जातो आणि थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे सरक रोखणारे) खाल्ले जातात. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त भीती याच मापाची वाटते, आणि नेमकं तेच स्कॅनमध्ये सापडत नाही.

आता हाताने मोजणं. फ्लायव्हील इंजिनवर पूर्ण टॉर्क देऊन बसवायचं. क्रँक रेडिएटरच्या बाजूला ढकलून ठेवायचा, कारण क्लच दाबल्यावर तो तिकडेच सरकतो आणि त्याची मोकळीक मापात येता कामा नये. ब्लॉकच्या मागच्या फेसवरचा रंग आणि जुनं गॅस्केट खरवडून काढायचं. मग त्यावर ग्राइंड केलेली स्ट्रेट-एज आडवी धरून फेसपर्यंत डेप्थ गेज लावायचा, चार बाजूंना. चारही मापं जुळत नसतील तर फेस खरवडायचा कुठेतरी राहिलाय किंवा फ्लायव्हीलला रनआउट (फिरताना डगमग) आहे. नंतर फ्लायव्हील काढून क्रँकच्या फ्लँजपर्यंतचं (फ्लायव्हील ज्यावर बसतं त्या कडेपर्यंतचं) अंतर आणि पायलट भोकाची खोली. गिअरबॉक्सच्या बाजूने बेलच्या फेसपासून शाफ्टच्या टोकापर्यंत आणि स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) सुरू होते तिथपर्यंत.

हीच मापं जिप्सीच्या मूळ इंजिनवरही घ्यावी लागतात, कारण जिप्सीचा बॉक्स आणि क्लच त्याच अंतरासाठी बनलेत. पद्मिनीचा फेस ब्लॉकपासून जेवढा मागे येतो, त्यातून जिप्सीचा वजा केला की प्लेटची जाडी मिळते. उत्तर उणे आलं तर प्लेट तर हवीच, शिवाय फ्लायव्हीलच्या खालीही स्पेसर घालावा लागतो. आता जिप्सीचं फ्लायव्हील लावलेलं इंजिन बघायला मिळतं ते कुर्ल्याला, भंगारवाल्यांच्या गाळ्यात, जमिनीवर पडलेलं. सीएमएमचं टेबल तिथे जात नाही. डेप्थ गेज आणि स्ट्रेट-एज पिशवीत मावतात. माझ्यासाठी पारडं झुकलं ते इथेच.

अचूकपणाचा प्रश्न कोणी काढेल, आणि तो रास्तही आहे. माझ्या अनुभवाने, या कामात खोलीला हाताचं माप पुरेसं पडतं, कारण क्लच ॲडजस्ट होतो. क्रँक आणि प्लेटचं भोक यांचा मध्य मात्र नीट जुळायला हवा. प्लेट इंजिनवर बसवल्यावर क्रँकच्या फ्लँजला डायल गेज लावून प्लेटच्या मधल्या बोअरभोवती फिरवायचा. मध्य पाच थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त सरकलेला नको, म्हणजे डायलवर पूर्ण फेरीत दहा थाऊच्या आत. जास्त दिसला तर ऑफसेट (मध्य किंचित सरकवलेले) डॉवेल घालून सरळ करता येतो. ही तपासणी सीएमएमचा रिपोर्ट असला तरी करावीच लागते.

स्टार्टर कुठून लागणार हेही मापं घेतानाच ठरवून टाका. रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेचं दातेरी कडं) पद्मिनीचा आणि स्टार्टर जिप्सीचा असा मेळ घालायचा विचार असेल तर आधी दोघांचे दात जुळवून पाहा. रिंग गिअर ब्लॉकच्या फेसपासून किती अंतरावर बसतो, हेही त्याच बैठकीत मोजता येतं.

म्हणून ज्याला दोन्हींचा खर्च झेपतो त्याने बेलच्या भोकांसाठी सीएमएमला जावं आणि खोलीची सगळी मापं स्वतः घ्यावीत. एकच काही निवडायचं असेल तर मी चांगला डेप्थ गेज घेईन आणि भोकं ट्रान्सफर पंचाने (भोकाचा मध्य दुसऱ्या प्लेटवर उमटवणारा पंच) उतरवीन. तुमच्याकडे सीएमएमवर काम करणारा ओळखीचा माणूस असेल, जो इंजिनजवळ येऊन काय हवंय ते समजून घेईल, तर तुमचं गणित वेगळं होऊ शकतं.

टर्नरला प्लेट आधी मिलिमीटरभर जाड ठेवायला सांगा. पायलट भोकाच्या तळाशी मुलांच्या खेळण्यातल्या मातीची छोटी गोळी ठेवा, बॉक्स एकदा पूर्ण बसवून बोल्ट आवळा, मग उतरवून गोळीची जाडी मोजा. ती मोकळीक या जाड प्लेटसकटची आहे. प्लेटचा फेस जेवढा कापून घ्याल तेवढं शाफ्टचं टोक आत जाईल, तेव्हा गोळीच्या मापातून तेवढं वजा करूनच शेवटचा फेस घ्यायला सांगा.