चीनच्या वेबसाइट लायसनच्या नावाखाली माझे १,२१,५०० रुपये गेले

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ज्या मूर्खपणाने गेले ते आठवलं की रात्री दोनला उठून बसतो. "एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा" हे विचारणारे घरातच चार जण आहेत, त्यामुळे तो प्रश्न सोडून बाकीचं वाचा.

आमचा छोटा टूरचा धंदा आहे, छत्रपती संभाजीनगरला. अजिंठा, वेरूळ, गाडी, गाइड, हॉटेल, बस. २०२० पासून चिनी पाहुणे बंदच होते. मग २४ जुलै २०२५ पासून आपल्याकडून चिनी लोकांना टुरिस्ट व्हिसा परत मिळायला लागला, डायरेक्ट विमानं पण सुरू होणार अशा बातम्या आल्या, मी म्हटलं आता नाही तर कधी. पुण्यात चिनी शिकलेली एक ओळखीची मुलगी आहे, तिच्याकडून चिनी भाषेत साइट लिहून घेतली. ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता ते, सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं एक पान (तिकडे अजून मानतात त्यांना), आणि अजिंठ्याचं तर सगळंच, बुद्धाच्या जातककथांसकट. साइट झाली, आता ती चीनमध्ये झटकन उघडली पाहिजे, म्हणजे सर्व्हर तिकडचाच हवा असं मला वाटलं.

आता मला शहाणपण शिकवायच्या आधी एक लक्षात घ्या, नियम खरंच आहेत. मी काही हवेतल्या गोष्टीला पैसे दिले नाहीत. २००० सालापासून तिकडे स्टेट कौन्सिलचा, म्हणजे त्यांच्या मंत्रिमंडळाचा, २९२ नंबरचा हुकूम आहे. त्यात साइटचे दोन प्रकार. पैसे घेऊन माहिती-सेवा देणारी असेल तर लायसन, नसेल तर नुसती नोंदणी, तिला ते 'बेइआन' म्हणतात. नंबर मिळाला की तो पहिल्या पानाच्या तळाशी लावायचा. नंबर नसेल तर चीनच्या मुख्य भूमीवरचा (म्हणजे हाँगकाँग सोडून) कुठलाही सर्व्हर तुमची साइट चालू ठेवणार नाही. एवढं मी स्वतः वाचलं होतं, आणि एवढंच वाचलं होतं. अर्धवट माहिती असलेला माणूस या लोकांना सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यांना पहिल्यापासून काही पटवावं लागत नाही, अर्धं आपणच पटवून आलेलो असतो.

फेसबुकवर जाहिरात दिसली, 'परदेशी कंपन्यांसाठी चीन वेबसाइट परवाना, १० दिवसांत गॅरंटी'. फोनवर बोलणारा हिंदी बोलायचा, म्हणाला आमचं मेन ऑफिस शेन्झेनला. मग एक 'मॅडम' जोडून दिली, ती म्हणे चिनी, इंग्लिशमधून मेसेज करायची. ९ ऑगस्टला १४,५०० ॲडव्हान्स. १८ ऑगस्टला ४६,८०० 'मंत्रालयाची फी'. २ सप्टेंबरला ३८,२०० शेन्झेनच्या सर्व्हरचं भाडं आणि डिपॉझिट. २६ सप्टेंबरला २२,००० 'इन्स्पेक्शन'चे. शेवटचे २२,००० देताना मला शंका आली होती हो. आली होती. पण ९९,५०० आधीच गेलेले, आता थांबलो तर ते बुडाले असं वाटतं ना माणसाला, म्हणून ते पण दिले.

बेइआनला तिकडचं सरकार एक पैसाही घेत नाही. शून्य. हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं. मंत्रालयाची फी म्हणून कोणी आकडा सांगितला की तिथेच फोन ठेवा.

आणि पैसे कुठे पाठवले? आपल्या यूपीआयवर, एका सेव्हिंग खात्यावर, कुठल्यातरी माणसाच्या नावाने. चीनच्या मंत्रालयाची फी मी गुगल पे ने भरली. आता लिहितानाच हसू येतंय, तेव्हा नाही आलं. ती शेन्झेनची मॅडम दिवसभर व्हॉट्सॲपवर ऑनलाइन, आणि कागद जीमेलवरून पाठवायची. व्हॉट्सॲप, जीमेल तिकडे बंद आहेत हे शाळेतल्या पोरालाही माहीत, मला पण माहीत होतं, पण माहीत असणं आणि त्या वेळी डोक्यात येणं यात फरक असतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला मेसेज, 'अभिनंदन, आज मंत्रालयाची मंजुरी आली', सोबत लाल शिक्क्याचं सर्टिफिकेट. मी पेढे आणले. १ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन, त्यानंतर आठवडाभर अख्ख्या देशाला सुट्टी असते. माझा अर्ज मंजूर करायला तेवढा एक साहेब ऑफिसात बसला होता म्हणे!

पण खरी चीड मला ज्या क्षणाची येते तो हा. नंबर साइटच्या तळाशी टाकायला मी त्या पुण्याच्या मुलीला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. "काका, तुम्ही लायसन म्हणालात, पण यात 'बेइ' लिहिलंय. लायसन असेल तर 'जंग' असतं. आणि पहिलं अक्षर बीजिंगचं आहे, शेन्झेन तर ग्वांगडोंग प्रांतात येतं ना?" इतकं स्वच्छ सांगितलं पोरीने. नोंदणी ज्याच्या नावावर तो ज्या प्रांतातला, त्या प्रांताचं अक्षर नंबरच्या सुरुवातीला असतं. आणि मी काय म्हणालो? "बाळा, तू भाषांतर बघ, सरकारी कामं आम्ही बघतो." वयाचा माज, दुसरं काय. तो नंबर चिनी मंत्रालयाच्या बेइआन शोधायच्या साइटवर टाकला असता तर कोणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसलं असतं. दोन मिनिटांचं काम. तुम्हाला कोणी नंबर दिला तर आधी तिथे टाका, मग पेढे आणा.

नोव्हेंबरमध्ये ग्वांगझोच्या एका टूरवाल्याशी बोलणं चाललं होतं, बारा जणांचा ग्रुप. त्याने उलट विचारलं, तुमच्या साइटवरचा नंबर बीजिंगच्या एका पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीचा का आहे? आणि पान उघडायला अर्धा मिनिट का लागतो? ३८,२०० चा शेन्झेनचा सर्व्हर निघाला सिंगापूरला. ग्रुप गेला तो गेलाच, वर त्याच्या लेखी चोर मी ठरलो, कारण दुसऱ्याचा नंबर माझ्या पानावर होता.

मग बसून सगळं वाचलं, जे ऑगस्टमध्ये वाचायला हवं होतं. बेइआनचा अर्ज मुख्य भूमीवरच्या सर्व्हर कंपनीमार्फतच जातो, ती तपासते आणि मग प्रांताच्या दूरसंचार खात्याकडे पाठवते, त्यांना वीस कामाचे दिवस असतात. आपल्यासारख्या बाहेरच्या कंपनीकडे चीनमधलं बिझनेस लायसन नसेल तर अर्जाची गाडी स्टेशनातूनच सुटत नाही, डोमेनसुद्धा (साइटचा पत्ता) त्याच कंपनीच्या किंवा तिच्या मालक-अधिकाऱ्यांच्या नावावर लागतं. तिकडे कंपनी नाही आणि तरी दहा दिवसांत गॅरंटी म्हणतोय तो एकतर खोटा नंबर देणार नाहीतर दुसऱ्या कोणाच्या नावावर तुम्हाला टांगणार. हाँगकाँगच्या सर्व्हरला बेइआन लागतच नाही. साइट थोडी हळू चालते, कधी अडवली जाऊ शकते, पण माझ्यासारख्याला तेवढं पुरे होतं. म्हणजे जी वस्तू मला लागतच नव्हती ती मी न मिळता विकत घेतली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. १ मार्च २०२२ पासून तिकडे नियम आहे की परदेशी माणसांनी आणि संस्थांनी चीनमध्ये ऑनलाइन धार्मिक माहितीची सेवा चालवायची नाही. माझी निम्मी साइट बुद्धावर! या धंद्यातला खरा माणूस असता तर पहिल्या फोनला त्याने विचारलं असतं, काय लिहिलंय तिथे, किती टूरचं आणि किती धर्माचं. या दोघांनी दोन महिन्यांत साइटवर काय आहे हे एकदाही विचारलं नाही. जो तुमचा माल न बघता परवाना देतो त्याला परवान्यातलं काही कळत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मी पाच आठवडे उशिरा केला, त्यात दोष माझा. पैसे गेले की त्याच तासात करा, खात्यात पैसे असतील तर तेवढ्यात अडकवता येतात. पण नंतरचं ऐका. पोलीस स्टेशनात गेलो तर साहेब म्हणतात, "चायनाचं लायसन? कशाला पाहिजे होतं?" मी समजावलं. ते म्हणाले, "आपल्याकडे लागतं का साइटला लायसन? मग?" शेजारच्या टेबलावरचा हसला. मग म्हणे गुन्हा शेन्झेनला घडला, आम्ही काय करणार. अहो, पैसे इथल्या खात्यातून इथल्या खात्यात गेले, शेन्झेनचा काय संबंध! तीन चकरा, प्रत्येक वेळी नवीन साहेब, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट, मला आता ती नाटकातल्या संवादासारखी पाठ झालीय. चौथ्या चकरेला अर्जावर शिक्का दिला, एफआयआर नाही. बँकेचं त्याहून वरचढ. मॅनेजर म्हणे पिन तुम्हीच टाकलात, हा अनधिकृत व्यवहार नाही, रिझर्व्ह बँकेचा भरपाईचा नियम तुम्हाला लागू नाही. समोरचं खातं कोणाचं ते सांगा, तर ते गोपनीय. चोराची गोपनीयता जपायला बँक, आणि माझं आधार, पॅन, दुकानाचा परवाना सगळं त्या चोराकडे गेलेलं आहे त्याचं काय? (हो, तेही पाठवलं होतं. 'ॲप्लिकेशनसाठी'. कृपया पाठवू नका.) ग्वांगडोंगच्या खात्यालाही मेल टाकला होता, त्याचं उत्तर यायची वाट मी बघत नाहीये.

बायको म्हणते झालं गेलं, लिहून काय होणार. माझं म्हणणं, व्हिसा उघडल्यापासून चिनी साइट काढायच्या मागे लागलेला मी एकटाच नसणार.

परवा स्टेशनातून फोन आला. तपासाला घ्यायचं आहे, पण सर्टिफिकेटवर सगळी चिनी अक्षरं आहेत, त्याचं मराठी भाषांतर करून सही-शिक्क्यासह आणा. पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "करते काका, पैसे नकोत." मी म्हटलं घे, या सगळ्या प्रकरणात एवढे एकच पैसे योग्य माणसाला जातील. आणि ते 'सरकारी कामं आम्ही बघतो' बद्दल सॉरी म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही असं म्हणाला होतात हे मला आठवतच नाही. आठवत असणार.