‘निजाम रेल्वे’चं घड्याळ विकणाऱ्यापासून सावध राहा

जुन्या मनगटी घड्याळांचा नाद आता मराठवाड्यातही चांगला रुजलाय. परभणी, नांदेड, लातूर, जालना, कुठंही जा, एचएमटी जनता किंवा फेवर ल्युबा जपून ठेवणारा कुणीतरी भेटतोच. भाव चढले आणि त्यांच्या मागोमाग ठकही आले. माझे सव्वीस हजार रुपये कसे गेले ते इथं सविस्तर लिहितोय, कारण ज्यानं ते नेले तो अजून विकतोच आहे.

आधी भावाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढं कितीतरी वर्षं आपल्याकडं लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ दिलं जायचं, त्यातलं घड्याळ बहुतेक वेळा एचएमटीचंच असायचं. त्यामुळं घरोघरी ट्रंकेत ती पडून होती आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. कारखाना बंद होणार अशी बातमी २०१४ मध्ये आली, जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि एकदम सगळ्यांना आठवण झाली. त्यातच २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्या व्यवहाराचा परभणीशी काय संबंध, असं वाटेल. पण ‘जुनं घड्याळ म्हणजे पैसा’ हे डोक्यात बसायला तेवढं पुरतं. आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडं पूर्वी शे-दोनशेला मिळणारी घड्याळं आता तो आधी मोबाईलवर शोधून बघतो आणि मग भाव सांगतो. त्याचं काही चुकत नाही. चुकतं ते पुढच्या साखळीत.

माझे आजोबा पूर्णा जंक्शनला निजामाच्या रेल्वेत होते. सिकंदराबाद–मनमाड मार्गावरचं ते मोठं ठाणं. ही रेल्वे आधी कंपनीची होती, १९३० मध्ये निजाम सरकारनं ती ताब्यात घेतली. आजोबांच्या घड्याळाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ, पण घड्याळ मात्र कधीच हरवलेलं. घड्याळप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे मनापासून लिहिलं होतं. काही दिवसांनी त्याच ग्रुपमधल्या एका माणसाचा थेट मला मेसेज आला. पाठोपाठ फोन. “सर, अंबाजोगाईच्या एका जुन्या घरातून आलंय. वेस्ट एंड वॉच कंपनीचं, सोवार प्रायमा. मागं निजाम स्टेट रेल्वेचा शिक्का आहे, १९३८ चा. दुसऱ्याला द्यायला जीव होत नाही बघा, तुमच्याकडंच शोभंल.”

वेस्ट एंड हे नाव त्यानं विचार करूनच निवडलं. १८८६ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी, हिची स्विस घड्याळं पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेतल्या शिपायांच्या हातावर होती. तेव्हा रेल्वेच्या माणसाकडं ते असणं अगदी पटण्यासारखं. त्यानं फोटो पाठवले, उघडलेल्या मशीनचेही. त्यात पुलावर, म्हणजे चाकं जागेवर धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर, कंपनीचं नाव स्वच्छ कोरलेलं दिसत होतं. व्हिडिओ कॉलवर खोलीतला दिवा घालवून काटे आणि आकडे हिरवेगार चमकताना दाखवले. “रेडियम अजून जिवंत आहे सर!” दहा हजार आगाऊ, उरलेले कुरिअर निघायच्या आधी, असं ठरलं आणि तसंच झालं. जाता जाता त्यानं आणखी एक सांगून ठेवलं: गावातल्या कारागिराकडून मागचं झाकण उघडू नका, आतली रबराची रिंग खराब होईल, पाणी शिरेल.

हे वाक्य कुणीही विक्रेता बोलला तर तिथंच व्यवहार थांबवा. जुनं घड्याळ घेतल्यावर कारागिरापुढं उघडणं ही पहिलीच पायरी असते. त्याला अडवणाऱ्याला झाकणाच्या आतलं काय ते चांगलं माहीत असतं.

आमच्याकडं बाजारात एक चाचा आहेत, चाळीसेक वर्षांपासून एकाच टपरीत बसून घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकणाकडं बराच वेळ पाहत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. झाकणावर वर्षानुवर्षांचे बारीक ओरखडे होते, मनगटावर वापरलेल्या स्टीलवर असतात तसे. अक्षरं खरंच १९३८ ची असती तर ते ओरखडे अक्षरांवरूनही गेले असते, अक्षरांच्या कडा झिजून गोलसर झाल्या असत्या. इथं उलटं होतं. एक लांब ओरखडा इंग्रजी ‘आर’च्या शेपटीपाशी येऊन तुटत होता आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होता. म्हणजे आधी ओरखडा, मग अक्षर. कोरलेल्या खाचेचा तळ आरशासारखा लखलखत होता. “बेटा, लोहा पुराना है, लिखाई कल की है,” चाचा म्हणाले.

मग डायल. सहाच्या आकड्याखाली अगदी बारीक अक्षरात ‘टी स्विस मेड टी’ छापलेलं. ही ‘टी’ म्हणजे ट्रिटियम. अंधारात चमकणाऱ्या लेपासाठी घड्याळवाले रेडियम सोडून ट्रिटियमकडं वळले ते साधारण १९६० नंतर, आणि ही खूण डायलवर आली तीही तेव्हाच. १९३८ च्या घड्याळावर ती असूच शकत नाही. डायल नव्यानं रंगवणाऱ्यानं कुठल्यातरी नंतरच्या मॉडेलवरून मजकूर जसाच्या तसा उचलला होता. आणि ते हिरवंगार चमकणं? रेडियमचा किरणोत्सर्ग हजारो वर्षं संपत नाही, पण त्याच्याबरोबर मिसळलेला चमकणारा पदार्थ काही दशकांत जळून जातो. ऐंशी वर्षांपूर्वीचा लेप आज अंधारात जवळजवळ मेलेलाच असतो, तपकिरी पडलेला. लखलखला, तर तो आत्ताचा. (खरा रेडियमचा लेप कधी हाती लागला तर घरी खरवडू नका, फुंकरही मारू नका. ती धूळ पोटात किंवा छातीत जाणं घातक असतं.)

झाकण उघडलं तेव्हा उरलंसुरलंही कळलं. फोटोतलं नाव कोरलेलं मशीन आत नव्हतंच. कुठल्यातरी दुसऱ्याच घड्याळाचं बिननावाचं मशीन होतं. डायलला मागं दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात आणि डायल हलत नाही. या डायलचे पाय कापलेले होते आणि ती गोंदानं चिकटवलेली होती. गोंदाचा एक ओघळ चाकापर्यंत आलेला होता. चाचांनी चिमट्यानं तो काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

विक्रेत्याला फोटो पाठवले. “तुमच्या कारागिरानंच बदललं असंल,” असं उत्तर आलं आणि नंबर ब्लॉक झाला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. तिथले कर्मचारी नीट बोलले, पण पैसे देऊन बरेच दिवस झाले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत आणि वस्तूही मिळाली आहे. शंका आली तर त्याच तासाला १९३० लावा. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते.

पैशांपेक्षा मला दुसरंच जास्त सलतं. ते जुनं झाकण कुणाचं तरी होतं. त्यावरचे ओरखडे कुणीतरी जगताना पडलेले. आमच्याकडं गावोगाव आता लोक फिरतात, जुन्या भांड्यांबरोबर घड्याळंही मागतात, म्हातारीला एखादं स्टीलचं पातेलं देतात आणि नवऱ्याचं घड्याळ घेऊन जातात. पुढं त्याचे भाग सुटे होतात. बाहेरचं कवच एकाच्या नावानं विकलं जातं, मशीन दुसऱ्याच्या, आणि ज्याला आपल्या घराची आठवण हवी असते त्याच्या गळ्यात परक्याच घराचे तुकडे पडतात. घरात असं घड्याळ असेल तर विकण्याआधी दोन ठिकाणी दाखवा. बंद पडलेलं असलं तरीही.

आणि विकत घेत असाल तर मशीन त्याच दिवशीच्या वर्तमानपत्राच्या तारखेवर ठेवून काढलेला फोटो मागा, झाकण आणि मशीन एकाच फ्रेममध्ये. शक्य तोवर समोरासमोर घ्या, कारागिराच्या टेबलावर. परभणी ते नांदेड तास-दीड तासाचा प्रवास आहे, तेवढं जाऊन येणं परवडतं.

गेल्या आठवड्यात हिंगोलीच्या एका मित्रानं त्याला आलेला फोटो मला पाठवला. वेस्ट एंड, निजाम स्टेट रेल्वे, या खेपेला साल १९४१ आणि घर बीडचं. कोरणारा हात तोच आहे: ‘आर’ची शेपटी इतर अक्षरांपेक्षा खाली उतरलेली आणि टोकाला डावीकडं वळलेली. असा शिक्का कुणी दाखवला तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर कळवा. माझा तक्रार क्रमांक मी ग्रुपवर टाकलाय, तोही सोबत जोडा.