बॅकअप परत आणून दाखवणारी माणसं: जळगावच्या एका सेवेचा दोन वर्षांचा अनुभव

सावद्याला एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर मी अकरा वर्षं हिशोब बघते. कॉम्प्युटरचं माझं ज्ञान टॅली आणि एक्सेलपुरतं. तरी हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे, कारण रावेर-यावल पट्ट्यात आमच्यासारख्या पेढ्या जागोजागी आहेत आणि बहुतेकांचा सगळा हिशोब एकाच मशीनवर चालतो. आम्हाला बॅकअपची व्यवस्था लावून देणारे जळगावचे दोघे भाऊ आहेत. दुकान लहान, हाताखाली एकच मुलगा. आहे तेवढं कामच पुरतं, नाव टाकू नका, असं त्यांनी सांगितलं म्हणून टाकत नाही.

आधी काय घडलं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर वादळ झालं. बागा आडव्या झाल्या, रात्रभर वीज येत-जात राहिली. सकाळी ऑफिस उघडलं तर सर्व्हर सुरूच होईना. त्याला बारा महिने जोडून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्कही त्याच झटक्यात गेली. लावली की आतून टक-टक आवाज येई, बस. ज्यांनी ती बसवून दिली होती त्यांनी "रोज रात्री आपोआप बॅकअप होतो" असं सांगितलं होतं आणि आम्ही कधी उघडून पाहिलं नव्हतं. डिस्क पुण्याला पाठवली, बरेच पैसे मोजून थोडा डेटा आला. तेव्हा कळलं की शेवटचा धड बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा होता. डिस्क भरली होती. त्यानंतर रोज रात्री काम सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर बंद पडायचं.

काटा पावत्यांची कार्बन बुकं पोत्यात बांधून ठेवलेली होती म्हणून आम्ही उभे राहिलो. मी, आमचे मालक अप्पा आणि अप्पांची सून, तिघं एकोणीस दिवस रात्री बारापर्यंत नोंदी करत होतो. पावतीवर वजन असतं, भाव नसतो. केळीचा भाव रोज बदलतो, त्यातही एकाच दिवशी दोन बागांच्या मालाला वेगळा भाव लागतो. तो फक्त मशीनमध्ये होता. निंभोऱ्याचे एक आजोबा तीनदा आले. "ताई, माह्या चुकाऱ्याचं काय झालं?" एवढंच विचारायचे. पैसे नातीच्या कॉलेजच्या फीसाठी हवे होते. मला मान वर करून उत्तर देता येत नव्हतं. शेवटी अप्पांनी शेतकरी सांगेल तो भाव धरून सगळ्यांचे चुकारे केले.

त्यानंतर वर्षभराने हे भाऊ आले. पहिल्या भेटीत त्यांनी कुठल्याच मशीनची किंमत सांगितली नाही. दोन गोष्टी विचारल्या. गेलेलं काम पुन्हा लिहायची वेळ आली तर जास्तीत जास्त किती तासांचं लिहू शकाल? आणि सगळं बंद पडलं तर किती वेळ थांबू शकाल? या दोन उत्तरांना त्यांच्या धंद्यात आरपीओ आणि आरटीओ म्हणतात, हे नंतर समजलं. मी म्हटलं, दोन तासांचं लिहीन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरायच्या आत काटा सुरू झाला पाहिजे. पुढची सगळी आखणी या उत्तरांवर झाली. मला ही पद्धत फार पटली.

आता व्यवस्था अशी आहे. दर दोन तासांनी सर्व्हरची प्रत ऑफिसातल्या दोन डिस्कच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर, जाते. त्याला स्वतंत्र यूपीएस आहे आणि त्यांनी ते पत्र्याच्या खोलीतून काढून आतल्या खोलीत ठेवायला लावलं, कारण मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस टिकत नाही. नॅसवर लिहिण्याचं खातं वेगळं आहे. ऑफिसच्या कुठल्याही मशीनवर खंडणीवाला व्हायरस शिरला तरी त्याला जुन्या प्रती पुसता येऊ नयेत, हा हेतू. रात्री तोच डेटा कुलूपबंद होऊन क्लाउडवर, मुंबईतल्या डेटा सेंटरला जातो. तिथे गेलेली प्रत तीस दिवस आम्हालाही पुसता येत नाही. शिवाय दोन साध्या डिस्क आठवड्याने आलटून-पालटून. एक ऑफिसात, दुसरी अप्पांच्या घरच्या कपाटात, कशालाही न जोडलेली.

मी विचारलं, नॅसमध्ये दोन डिस्क आहेत, म्हणजे दोन प्रती झाल्याच ना? धाकट्याने टेबलावरचं काटा पावतीचं बुक उचललं. "ताई, वर चुकीचं वजन लिहिलं तर कार्बनखाली बरोबर उमटेल का?" एक डिस्क जळली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढाच तिचा उपयोग. चुकून पुसलेलं दोन्हीकडे पुसलं जातं. अप्पांचा प्रश्न निराळा होता: क्लाउड असताना घरी डिस्क कशाला सांभाळायची? त्यावर थोरल्याने फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गची हकिकत सांगितली. मार्च २०२१ मध्ये तिथे ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जगभर चालणारा नियम आहे आणि तो पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरमुळे रूढ झाला, हेही त्याच्याकडूनच कळलं.

पण पैसे कशाचे वसूल होतात ते सांगते. दर तीन महिन्यांनी एका रविवारी ते रिकामा लॅपटॉप घेऊन येतात आणि आमच्या समोर बॅकअपमधून पूर्ण पेढी उभी करून दाखवतात. घड्याळ लावून. सर्व्हरला हात लावायचा नाही, असा नियम. ते याला तालीम म्हणतात.

पहिली तालीम साफ फसली, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. टॅलीचा डेटा परत आला, पण कंपनीच्या नावाच्या जागी नुसत्या चांदण्या. माझ्या आधीच्या मुनिमांनी टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड घातला होता. तो लिहिलेला कागद आमच्या सर्व्हरवर चिकटवलेला होता, तो वादळानंतरच्या आवराआवरीत गेला होता. मला बोटांच्या सवयीने टाइप करता यायचा, तोंडाने सांगता येईना. व्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर डेटा कोणीच उघडून देऊ शकत नाही. त्या दिवशी तो लिहून, पाकिटात घालून, तिजोरीत गेला. मग शेतकऱ्यांच्या खात्यांची एक्सेल उघडली, तर नावांच्या जागी निरर्थक अक्षरं. आमची जुनी खाती युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात आहेत आणि तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नव्हता. फाइल शाबूत, वाचता मात्र येत नाही! तेव्हापासून फॉन्ट, काट्याचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं बॅकअपमध्ये घेतलं. पहिल्या वेळी तीन तास चाळीस मिनिटं लागली, गेल्या वेळी दीड तास.

भिंतीवर एक कागद लावून दिला आहे. आधी काटा, मग चुकारे, मग टॅली, फोटो सगळ्यात शेवटी. कोणाला फोन करायचा, कुठलं पाकीट फोडायचं, तेही त्यावरच. मराठीत, ठळक.

खरी परीक्षा गेल्या दिवाळीनंतर झाली. नवीन मुलाने सव्वाअकराला टॅलीत जुना बॅकअप रिस्टोअर केला, तो चालू कंपनीवरच. वरचं सगळं जुनं झालं. तो रडायला लागला. मी कागद बघितला, फोन लावला, आणि दहा वाजताची प्रत पंचवीस मिनिटांत परत आली. चौदा व्हाउचर मी जेवणाच्या आधी पुन्हा टाकले. त्या मुलाला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि याचं मला फार बरं वाटतं.

तक्रारीही आहेत. पहिला क्लाउड बॅकअप १८० जीबीचा होता आणि आमच्या लाइनचा अपलोड ५ एमबीपीएस. रात्री नऊ ते सकाळी सहा असं चालवून नऊ रात्री लागल्या. हे आधी सांगायला हवं होतं, मी रोज घाबरून विचारत होते. रोजचा रिपोर्ट इंग्रजी मेलने यायचा, तो कोणी वाचत नसे. हट्ट धरल्यावर आता व्हॉट्सअॅपवर मराठीत एक ओळ येते, आणि एखाद्या सकाळी ओळ आली नाही तर मी फोन करते. करारात किती तासांत माणूस पोचेल हे अजून लिहिलेलं नाही. जळगावहून कोणी यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, तेव्हा ते लिहून द्यायलाच हवं.

खर्च: बसवताना ६२ हजार, नंतर महिन्याला दीड हजार. अप्पांचं खताचं दुकानही याच सर्व्हरवर आहे आणि जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, त्यामुळे आम्हाला हा खर्च जड नाही. एकट्या किराणा दुकानाला एवढं लागणार नाही. दोन डिस्क घ्या, एक घरी ठेवा आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

येत्या रविवारी नववी तालीम आहे. मी मुद्दाम माहेरी चोपड्याला जाते आहे. अप्पांची सून भिंतीवरचा कागद बघून एकटी करणार आहे, आणि फोन उचलू नका असं मला दोघा भावांनी बजावलं आहे.